शिक्षण की शिक्षा?



एका प्रसंगाने सुरुवात करतो. लश्करातल्या एका सभागृहात आपल्याच मंडळींनी रविवारचा मराठी वर्ग काढला होता. नाव कशाला घ्या, असे वर्ग आपल्यापैकी अनेकांनी काढले आणि बंदही केले. आम्ही स्वतः त्यात होतो. तर एका रविवारी शिकवणाऱ्या काकू दटावून म्हणाल्या, "गृहपाठ केला नाही तर शिक्षा होईल हं!" पुढच्या रांगेतला आठ-नऊ वर्षांचा मुलगा छानपैकी हसला. काकू चिडल्या. तेव्हा तो बिचारा गोंधळून म्हणाला, "मैडम, शिक्षा तो अच्छी बात है न?"

सगळा वर्ग हसला. काकू हसल्या, मागे उभे असलेले आम्हीही हसलो. पुढच्या रविवारी तो मुलगा आला नाही. त्यानंतरही कधी आला नाही.

हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. मुलाचे काय चुकले होते? त्याने आपल्याला येत असलेल्या भाषेच्या आधाराने न येणारी भाषा समजून घेण्याचा प्रयत्न केला. शिकणे म्हणतात ते यालाच! त्याच्या या प्रयत्नाला आपण हसण्यावारी नेले. त्या वर्गाला पहिल्या रविवारी सतरंज्या कमी पडल्या होत्या. दिवाळीनंतर एका सतरंजीवर सगळे मावू लागले. आणि संक्रांतीला आपण एकमेकांना सांगितले, "काय करणार, आजकालच्या मुलांना मराठीची आवडच नाही."

नाचता येईना अंगण वाकडे, दुसरे काय!

आमचे म्हणणे आम्ही आडपडदा न ठेवता मांडतो. दोष मुलांच्या आवडीचा नाही. पुण्या-मुंबईच्या मुलांसाठी बेतलेली शिकवण्याची पद्धत आपण उचलून आणतो आणि ती ग्वाल्हेरच्या मुलांना बसत नाही, म्हणून मुलांनाच नावे ठेवतो. ग्वाल्हेरच्या मुलाला ग्वाल्हेरचाच समजून मराठी शिकवा. ते जमत नसेल तर शिकवण्याचे नाटक तरी बंद करा.

पुस्तक कोणाचे, मूल कोणाचे?

'महाराष्ट्राची पुस्तके आहेत की! फुकट उतरवून घेता येतात, ती वापरा,' असे आपल्या सभेत दर वर्षी कोणी ना कोणी सांगते. पुण्याची 'बालभारती' १९६७ पासून पाठ्यपुस्तके काढत आहे. त्या कामाबद्दल आम्हाला आदर आहे. पण पुस्तक कोणत्या मुलासाठी लिहिले आहे, हे कोणी पाहिले का?

बालभारतीच्या पहिलीच्या पुस्तकापुढे बसलेल्या मुलाला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. म्हणून तिथे अक्षरओळख आधी. महाराष्ट्रातल्या इतर माध्यमांच्या शाळांसाठी 'सुलभभारती' आहे. त्या मुलाच्या घरी कदाचित मराठी नसेल, पण दुकानाच्या पाटीवर, बसमध्ये, शेजारीपाजारी दिवसभर ती त्याच्या कानांवर पडते. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाने आपल्या मराठी शाळांसाठी वेगळा अभ्यासक्रम बसवला. तिथल्या मुलाला देवनागरी लिपीच नवी आहे.

आता आपले मूल पाहा. हिंदीमुळे त्याला देवनागरी खडाखडा वाचता येते. आजीचे बोलणे त्याला बरेचसे कळते, पण उत्तर तो हिंदीत देतो. आणि घराचा उंबरा ओलांडला की मुरारपासून हजिऱ्यापर्यंत मराठीचा एक शब्द कानांवर पडत नाही. पुण्याच्या मुलाला बोलता येते पण वाचता येत नाही. आपल्या मुलाला वाचता येते पण बोलता येत नाही! म्हणजे पहिल्या पुस्तकाचा क्रम आपल्यासाठी थेट उलटा हवा. तरी आपण काय करतो? नऊ वर्षांच्या, हिंदीत गोष्टींची पुस्तके वाचणाऱ्या मुलाला फळ्यावर अ-आ-इ-ई गिरवायला लावतो. त्याला वाटते, या लोकांनी मला बावळट ठरवले आहे. त्याला तसे वाटले तर त्यात नवल काय?

कुठे अडते ते तरी पाहा

आपल्या मुलांना नेमके कुठे अडते, याची यादी करायला विद्यापीठाची पदवी लागत नाही. पंधरा मिनिटे कान देऊन ऐकले की पुरे.

मूल 'तो घर' म्हणते, 'ती पुस्तक' म्हणते. का? हिंदीत दोनच लिंगे. घर पुल्लिंगी, पुस्तक स्त्रीलिंगी. मराठीत तिसरे, नपुंसकलिंग आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नाही. ते घर, ते पुस्तक, ते झाड, ते मूल असा तिसरा कप्पा आधी उघडून दाखवावा लागतो. पुण्याच्या पुस्तकात तो धडा सुरुवातीला नसतो, कारण पुण्याच्या मुलाला तो आईच्या कडेवरच मिळालेला असतो.

मूल पाहुण्यांना 'आपण बसा' म्हणते, कारण हिंदीत 'आप बैठिए'. 'मला चांगलं लागलं' म्हणते, कारण 'अच्छा लगा'. हिंदीच्या एका 'हम'ला मराठीत दोन शब्द आहेत. ऐकणारा धरून 'आपण', तो सोडून 'आम्ही'. हा फरक समजावला नाही तर मूल आयुष्यभर चाचपडते. अक्षरांत 'ळ' नवा, आणि चमच्यातला 'च' वेगळा, चंद्रातला वेगळा. बाकी अक्षरे त्याला येतातच.

सर्वांत फसवे शब्द म्हणजे दिसायला सारखे पण अर्थाने वेगळे. 'शिक्षा'चे पाहिलेच. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. 'खाली' म्हणजे तिकडे रिकामे, इकडे तळाशी. 'संसार' म्हणजे तिकडे जग, इकडे घरप्रपंच. आणि 'ताई'? वर्गात शिकवायला आलेल्या कॉलेजच्या मुलीला 'ताई' म्हणायला सांगितले, तर हिंदी घरातून आलेल्या आईची मुलगी बुचकळ्यात पडते. तिच्या लेखी ताई म्हणजे ताऊजींची बायको, मोठी काकू! अशा शब्दांची एक यादी आणि त्यावर चार खेळ केले तर पहिला महिना मजेत जाईल. जिथे मूल अडखळते तिथूनच धडा सुरू झाला पाहिजे. आपण त्या जागी लाल शाईने फुली मारतो आणि पुढे जातो.

आणि धड्यांचा विषय? समुद्र, लोकल गाडी, एसटीचा थांबा, भातशेती हे सगळे सुंदर आहे, मुलांना ते कळायलाच हवे. पण सुरुवात दाराबाहेरून करा. चिटणीस की गोठ, निंबालकर की गोठ, पाटणकर बाजार, शिंदे की छावनी ही नावे मूल रोज टेम्पोवाल्याच्या तोंडून ऐकते. ती मराठी माणसांची नावे आहेत, हे त्याला कोण सांगणार? १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली आणि त्या लष्कराचेच लश्कर शहर झाले, ही गोष्ट त्याच्या पुस्तकात पहिल्या दहा पानांत हवी. फुलबागेतली राणी लक्ष्मीबाईंची समाधी हवी. संक्रांतीच्या धड्यात तिळगूळ असावाच, पण शेजारी गजकही असावी. 'हे पुस्तक माझ्याबद्दल आहे' असे वाटले तरच मूल पुढचे पान उलटते.

हसणे आधी थांबवा

इथे थोडे घरचे उणे काढतो, राग मानू नये. (हा मराठी 'राग', गाण्यातला नव्हे!)

पुण्याचे पाहुणे येतात, आपली मुले चार वाक्ये बोलतात आणि पाहुणे म्हणतात, "अय्या, किती हिंदी मराठी!" आपण त्यांच्या सुरात सूर मिसळतो. त्या दिवसापासून मूल पाहुण्यांसमोर तोंड उघडत नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने वर्गातली बहुभाषिकता हे साधन मानले. मुलाची घरची बोली चूक म्हणून पुसून टाकायची नाही, तिच्यावर पुढचे बांधायचे, असा त्याचा रोख आहे. आपण मात्र शुद्धलेखनाची छडी घेऊन बसलो आहोत. ग्वाल्हेरची मराठी ही बिघडलेली मराठी नव्हे. दोनशे वर्षे हिंदीच्या शेजारी नांदलेली ती मराठी आहे. प्रमाण मराठी जरूर शिकवा, पण दुसरी पायरी म्हणून. पहिल्याच पायरीवर मुलाला खाली ढकलून नव्हे.

दुसरे उणे अधिक बोचेल. 'आपली संस्कृती' म्हणून आपण वर्गात काय शिकवतो? उकडीचे मोदक, मंगळागौर, वाड्यातली दिवाळी. ग्वाल्हेरचे मराठी लोक म्हणजे सरदारांची आणि कारकुनांची चार घराणीच काय? पागेत आणि पायदळात आलेल्यांचे वंशज, कारागीर, दुकानदार, कारखान्यात राबलेली माणसे, बदलीवर आलेली सैन्यातली कुटुंबे, हिंदी आई आणि मराठी वडील असलेली घरे, हे सगळे 'आपण'च आहोत ना? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी याच मध्य प्रदेशातल्या महू छावणीत, मराठी बोलणाऱ्या घरात झाला. ग्वाल्हेरच्या मराठी पुस्तकात त्यांचा धडा नसेल तर ते पुस्तक कोणाचे? एका सतरंजीवर पाच तऱ्हेच्या घरांतली मुले बसतात. एकाच घराच्या सणावारांनी त्यांना मराठी शिकवू गेलात, तर बाकीच्या चार घरांना 'हे आपले नव्हे' असे आपणच सांगितल्यासारखे होते.

या गावाने हे एकदा करून दाखवले आहे

'एवढे सगळे करणार कोण?' असे विचारणाऱ्यांना या गावाचाच दाखला देतो.

ग्वाल्हेरच्या गायकीचे शिक्षण एके काळी गुरूच्या घरी राहून, वर्षानुवर्षे सेवा करून मिळे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर त्यासाठी इथे आले, वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि त्यांनी ही गायकी महाराष्ट्रात नेली. पण सगळ्यांना बुवांसारखे घरदार सोडणे कसे जमणार? ज्याला दिवसाकाठी तासभर मिळतो, ज्याच्या घरी गाणे नाही, त्याने काय करावे? पं. विष्णु नारायण भातखंड्यांनी हा प्रश्न विचारला. त्यांनी सोपी स्वरलिपी बसवली. कोमल स्वराला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाला वर उभी रेघ. मग सोप्याकडून अवघडाकडे जाणारी पुस्तकमालिका केली. तिच्या नावातच 'क्रमिक' हा शब्द आहे! त्यांच्या मार्गदर्शनाखाली महाराज माधवराव शिंद्यांनी १९१८ मध्ये इथे माधव संगीत महाविद्यालय काढले. जुन्या वळणाच्या लोकांनी नाके मुरडली असतील. त्यांच्या काही आक्षेपांत तथ्यही होते, कारण गाण्यातले सगळेच कागदावर उतरत नाही. पण शिकणारा कोण आहे हे आधी पाहून शिकवण्याची घडी बसवायची, हा धडा या गावाने शंभर वर्षांपूर्वी गिरवला आहे. गाण्यासाठी जे केले, ते भाषेसाठी करायला आपले हात कोणी बांधले आहेत?

राजकवी भा. रा. तांबे याच संस्थानचे. १९६१ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरले आणि कुसुमावती देशपांडे त्याच्या अध्यक्ष होत्या. संमेलनाच्या इतिहासातल्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. आणि हिंदीशी आपले वैर कधीच नव्हते. संस्थानातल्या श्योपूरला १९१७ मध्ये जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे मोठे कवी झाले, त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहिते झाले. एका घरात दोन भाषा अशा नांदल्या. आम्हालाही हेच हवे आहे. हिंदी काढून मराठी नको, हिंदीच्या जोडीला मराठी हवी.

आता राजकारणाचे

राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०-क काय म्हणतो? भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रत्येक राज्याने प्रयत्न करावा. हा अनुच्छेद १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आला. त्याआधी ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत सूत्र ठरले होते, की वर्गात १० किंवा शाळेत ४० मुले त्या भाषेची असली तर शिक्षक द्यावा. नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चे. तेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेचा किंवा घरच्या भाषेचा आग्रह धरते. म्हणजे आपण भीक मागत नाही. हक्क मागतो आहोत.

पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शाळेच्या प्रवेशअर्जात मातृभाषेचा रकाना येतो आणि आपण 'हिंदी' लिहून मोकळे होतो. मग दहा मुले मोजणार कोण? २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात सुमारे १२ लाख लोकांनी मराठी मातृभाषा नोंदवली. १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक असलेल्या जनगणनेतला आकडा आपल्याच उत्तरांनी ठरायचा आहे. मातृभाषा मराठी असूनही हिंदी सांगायची आणि वर सरकारला दोष द्यायचा, हे चालणार नाही.

उमेदवारांचे काय सांगावे! गणेशोत्सवात येतात, आरतीला उभे राहतात, पाठ केलेली दोन मराठी वाक्ये म्हणतात, आपण टाळ्या वाजवतो, की झाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण पेढे वाटले. चांगलेच केले. पण अभिजात भाषेच्या पोरांना शिकायला पुस्तक नाही, हे कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराला आपण विचारले का?

आणि महाराष्ट्रातल्या बांधवांनाही दोन शब्द. १६ एप्रिल २०२५ च्या निर्णयाने तिथे पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचे ठरले. 'सहा वर्षांच्या मुलावर हा भार नको, आधी त्याची भाषा पक्की होऊ द्या,' म्हणून महाराष्ट्र उभा राहिला. १७ जूनला निर्णयात बदल झाला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. मुलाच्या भाषेपासून सुरुवात करा, हे तत्त्व आम्हाला मान्य आहे. पण मुंबईत खरे असलेले तत्त्व मुरारमध्ये खोटे कसे ठरेल? ते दोन्ही बाजूंनी पाळा. भिंड-मुरैनाहून मुंबई-पुण्याला कामाला गेलेल्या घरातले मूल तिथल्या शाळेत मराठी शिकते. २०२० च्या कायद्याने तिथे मराठी सक्तीची आहे, आणि ती असावी. पण ते मूल 'तो घर' म्हणाले तर त्याला हसू नका. ते आमच्या मुलाचेच आरशातले रूप आहे. त्याच्यासाठी उत्तम पुस्तक करा. त्यातले अर्धे आम्हालाही उपयोगी पडेल.

चार ठराव

नुसती तक्रार करून थांबणे आम्हाला मान्य नाही. येत्या सर्वसाधारण सभेपुढे आम्ही चार ठराव ठेवत आहोत.

पहिला : प्रत्येक सभासदाने शाळेच्या अर्जात आणि जनगणनेत मातृभाषा मराठी असल्यास मराठीच नोंदवावी. कोणत्या शाळेत, कोणत्या वर्गात आपली किती मुले आहेत याची यादी मोहल्लावार करावी. दहा आणि चाळीसचे गणित कागदावर आल्याशिवाय कोणत्याही कार्यालयाचे दार ठोठावता येणार नाही.

दुसरा : 'ग्वाल्हेरची पहिली मराठी' हे पुस्तक इथेच, इथल्या शिक्षकांनी, इथल्या मुलांना समोर बसवून लिहावे. लिहिणाऱ्यांत सर्व समाजांची माणसे असावीत, हिंदी माहेरच्या आयाही असाव्यात. बालभारती आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्याकडे तज्ज्ञांचा सल्ला मागावा. पण लेखणी आपल्या हातात असावी.

तिसरा : पहिले सहा महिने वही नाही, लेखी परीक्षा नाही. ऐकणे, बोलणे, खेळ, गाणी, नाटुकली. शिकवणाऱ्यांना आधी प्रशिक्षण आणि मग मानधन. निवृत्त काका-काकूंच्या सद्भावनेवर एक वर्ष वर्ग चालतो. दहा वर्षे चालत नाही. गणेशोत्सवाच्या मांडवावरचा खर्च थोडा कमी करा, पैसा निघेल.

चौथा : निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला एकच प्रश्न लेखी द्यावा. मराठी शिक्षकाची मागणी तुम्ही सभागृहात मांडाल का? उत्तर याच पत्रकात छापू. उत्तर आले नाही तर जागा कोरी सोडून तेही छापू.

शेवटी त्या मुलाबद्दल. तो आता मोठा झाला असेल, कदाचित पुण्यातच नोकरीला असेल आणि तिथे हिंदीत बोलत असेल. त्याची क्षमा मागायची आमची इच्छा आहे, पण तो कुठे आहे हे माहीत नाही. तेव्हा त्याच्यानंतर येणाऱ्यांसाठी तरी वर्ग नीट लावू या. हा लेख 'आम्ही' म्हणून लिहिला. सभेत 'आपण' म्हणून भेटू. दोहोंतला फरक मुलांना समजावण्याआधी आपण पाळून दाखवू या.

येताना मुलांनाही आणा. आणि हो, ती बोलू लागली की हसू नका.